शेवटच्या जागी बसले, पण ‘वर ये’ कुणी म्हटलंच नाही

नागाळा पार्कची:
तोंडावर विचारायची लाज वाटते म्हणून इथं विचारतेय.

यंदाच्या नाताळसाठी मी एक गीत लिहिलं, चालही मीच लावली. भूपाच्या अंगानं, अभंगासारखी, साथीला पेटी आणि ढोलकी. महिनाभर रोज ऑफिस सुटलं की तालीम. कार्यक्रमपत्रिकेचं कामही माझ्याकडंच होतं. कोल्हापुरातच, राजारामपुरीत डीटीपीवाल्याशेजारी बसून मी सातव्या ओळीत ‘विशेष गीत : गायकवृंद’ एवढंच घातलं. तो म्हणाला, “ताई, गीत-संगीत कुणाचं? जागा आहे अजून.” म्हटलं, राहू दे.

खरं सांगते, राहू दे म्हणताना कानात पाळकसाहेबांचा आवाज घुमत होता : ‘आणि हे सुंदर गीत आपल्याच मंडळीतल्या...’ बायबलात लूक 14 मध्ये येशू सांगतो ना, लग्नाच्या जेवणात मुख्य जागी बसू नको, शेवटच्या जागी बस, म्हणजे यजमान येऊन म्हणेल, ‘मित्रा, वर येऊन बस’. मी तेच केलं. शेवटी जाऊन बसले, आणि कान यजमानाच्या पावलांकडं.

यजमान आलाच नाही. आभारात मांडववाल्याचं नाव आलं, साउंडवाल्याचं आलं, करंज्या करणाऱ्या भगिनींचं आलं. माझं नाही. घरी आई म्हणाली, “गाणं झ्याक झालं गं,” तर मी तिच्यावरच खेकसले. पत्रिका अजून पर्समध्ये आहे, घडीवर फाटत आलीय.

नाव व्हावं, मोठं व्हावं असं वाटणं ख्रिस्ती माणसाला पापच आहे का? की माझी नम्रताच खोटी होती?

बारापैकी एक:
हे दोन वेगळे प्रश्न आहेत, गल्लत करू नका. मार्क 10 काढा. याकोब आणि योहान सरळ मागतात, तुझ्या गौरवात आम्हा एकाला उजवीकडं बसव, एकाला डावीकडं. (मत्तयात त्यांची आई मागते. अवघड मागणी असली की आईला पुढं घालायची रीत फार जुनी दिसते.) बाकीचे दहा चिडतात. माझ्या मते, त्यांचाही डोळा त्याच दोन जागांवर होता म्हणून. आता येशू काय म्हणतो बघा. ‘मोठं व्हायचं नाही’ असं म्हणत नाही. ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं, असं म्हणतो. इच्छेला हात लावत नाही, वाट बदलतो. 13व्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितानं नम्रता आणि थोर कामाची आकांक्षा हे दोन्ही सद्गुणच मानले. एक मनाला भलत्या उडीपासून आवरते, दुसरी त्याला कच खाऊ देत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : ‘नाही, पाप नाही’. दुसऱ्याचं तुम्हीच दिलंय.

रिटायर सिस्टर:
बाळा, मी मिरजेला शिकले. डॉ. वॉनलेस यांनी तिथला दवाखाना 1894 साली सुरू केला, पुढं त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि दवाखान्याला नाव त्यांचंच आहे. त्यामुळं नाव झालं म्हणजे नम्रता गेली, असं काही मला पटत नाही.

माझं मात्र ऐक. पहिल्या वर्षी वॉर्डात बेडपॅन धुताना मी मोठ्यांदा स्तोत्र म्हणायचे. मेट्रनच्या कानावर जावं म्हणून, दुसरं काय! एकदा खाटेवरच्या आजी म्हणाल्या, “पोरी, गाणं मागनं म्हण. आधी घोटभर पाणी दे.” पन्नास वर्षं होत आली, अजून चेहरा गरम होतो.

स्पष्टच बोलते:
माझी कुरकुर वेगळी आहे. त्याच पत्रिकेत अध्यक्ष कोण, संदेश कोण देणार, हे पदव्यांसकट छापलं असणारच. तिथं नम्रतेची आठवण कुणाला झाली नाही. ती वाटायला निघाली की पहिला वाटा बायकांना आणि पोरासोरांना! पुढच्या वेळी सरळ नाव घाला, आणि आभार मानणाऱ्यालाही विचारा की माझं का राहिलं. पण आईवर खेकसलात त्याची माफी आधी मागा.

लाल माती:
ताई, मी काय ख्रिस्ती न्हाई, पण विषय बघून थांबलो. आमच्या कुस्तीच्या तालमीत ‘मला मोठं व्हायचं न्हाई’ म्हणणाऱ्याला वस्ताद दुसऱ्या दिवशी घरी धाडतोय. खासबागेच्या मैदानात उतरायचं म्हणूनच तर आलायस न्हवं? पण हौदा खणायला खोरं पहिलं कोण धरतंय? थोरला पैलवान. माती उकरायची, ताक, तेल, लिंबू, हळद घालून घोळायची, कंबरडं मोडतंय. मैदानात नाव पुकारत्यात ते लढणाऱ्याचं. माती कुणी खणली ते कोण पुकारत न्हाई.

तुमच्या गाण्याची माती कुणी खणली?

नागाळा पार्कची:
सगळ्यांचे आभार. आईची माफी मागितली. ती म्हणाली, “कशाची?” विसरून गेली होती.

शेवटच्या प्रश्नानं मात्र झोप उडाली. ढोलकीला आठवीतला पोरगा होता. कसबा बावड्याहून सायकलवर यायचा, ढोलकी पोत्यात गुंडाळून कॅरियरला सुतळीनं बांधलेली. ताल धरून चाल दोनदा त्यानंच सावरली होती. सातव्या ओळीत त्याचंही नाव नाही. आणि ते काही मी नम्रतेनं गाळलं नव्हतं, सुचलंच नव्हतं.

काल फोन केला, त्याच्या आईनं उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “त्या दिवसाची पत्रिका उरलीय का हो एखादी? त्याला वहीत चिकटवायचीय.” पर्समधली काढली. सातव्या ओळीपुढं पेनानं लिहिलं, ‘ढोलकी’, आणि त्याचं पूर्ण नाव. मग माझं लिहावं की नाही यात पाच मिनिटं गेली. लिहिलं. त्याच्या खालच्या ओळीत.

आणि लगेच मनात आलं, हे परत शेवटच्या जागी जाऊन बसणंच झालं की काय!