ॲक्विनासपासून सुरुवात नको
देवाच्या अस्तित्वावर वाचायला कुठून सुरुवात करू या प्रश्नावर इथे एकाने थेट ॲक्विनास, म्हणजे मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ, सुचवलाय, पण अहो पहिल्याच घासाला तो घशात अडकेल, माझ्या अडकला होता. त्याऐवजी स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचे 1779 चे धर्माविषयीचे संवाद घ्या, तीन माणसं गप्पा मारतायत आणि जग घड्याळासारखं किंवा घरासारखं 'बनवलेलं' दिसतं म्हणून बनवणारा असणारच, या मुद्द्याची शांतपणे सालं काढतायत. मला पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मिळालं, आधीच्या मालकाने समासात पेन्सिलीने दर दोन पानांना 'पण मग का?' लिहिलंय, माझ्या निम्म्या शंका त्यातच आल्या.

दुसरं म्हणजे अन्सेल्म, अकराव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत. त्याचा मुद्दा असा: ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो देव, आणि नुसता कल्पनेतला त्याहून कमीच, म्हणून तो असलाच पाहिजे. यावर त्याच्याच काळातला गॉनिलो म्हणाला मग सर्वांत उत्तम बेटही असलंच पाहिजे की! गंमत म्हणजे दोघंही संन्यासी, आणि अन्सेल्मने हा आक्षेप उत्तरासकट आपल्या पुस्तकालाच जोडायला लावला. आजकाल एवढा दिलदारपणा बघायला मिळत नाही, असो.

आणि मराठीतच हवं असेल तर गोव्यात आलेल्या इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, 1616 चं, ओवीबद्ध. तत्त्वज्ञान म्हणून नाही, पण परका विश्वास आपल्या भाषेत कसा बसवला ते बघायला वाचाच. मोठ्याने वाचा बरं का, मनातल्या मनात मजा नाही.