शुद्ध हरपल्यावर आपला निर्णय कोणी घ्यायचा? लिव्हिंग विल खान्देशात चालेल का?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मंडळी, मुद्दा सरळ मांडतो. आजार बरा होण्यातला नाही, शुद्ध गेलेली आहे आणि श्वास यंत्रावर चाललाय, अशा वेळी काय करायचं आणि काय नाही, हे प्रत्येकाने धडधाकट असतानाच लिहून ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. या कागदालाच लिव्हिंग विल म्हणतात.

आपल्याकडे वाटण्या, बँकेतला नॉमिनी, सातबाऱ्यावरचे वारस हे सगळं ओट्यावर बसून बोललं जातं. स्वतःच्या शेवटच्या आजारपणाचा विषय काढला की मात्र "अभद्र बोलू नको" म्हणून गप्प करतात. मग वेळ आली की जळगावच्या नाहीतर नाशिकच्या आयसीयूबाहेर भाऊबंद गोळा होतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. बहुतेकदा तो पुण्याहून किंवा सुरतेहून सगळ्यात शेवटी पोचलेला असतो. रात्रंदिवस उशाशी बसलेल्या सुनेला कोणी विचारत नाही.

कायदा आज आपल्या बाजूने आहे. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत भान हरपलेल्या अवस्थेत पडून होत्या. त्यांच्याच प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने कृत्रिम आधार काढण्याची वाट उघडली, पण दर वेळी उच्च न्यायालयाची परवानगी लागणार होती. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होतं. नोटरी तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसलेला असतो. मग अडलंय कुठे?

पारोळ्याची लेक

दादा, अडलंय ते त्या नोटरीच्या टेबलापाशीच.

बहिणींच्या हक्कसोडपत्रावर सह्या कशा होतात, ते तुम्ही पाहिलं नाही का? "सही कर, माहेर तुटायला नको" एवढं म्हटलं की सही होते. विधवा बाईच्या नावावर चार एकर बागायत असते, गुडघे गेलेले असतात आणि ती दोन्ही वेळच्या भाकरीसाठी पोरांवर अवलंबून असते. उद्या तिला गाडीत बसवून कोर्टात नेतील आणि "स्वखुशीने लिहून देते" या ओळीखाली अंगठा घेतील. तिची खुशी कोण तपासणार? साक्षीदारही पोरांच्याच ओळखीतले. तुम्ही ज्याला हक्क म्हणताय, त्याचं आमच्या घरांत म्हातारीवर दडपण होईल. "आई, तू लिहिलंयस ना, मग आता कशाला नाशिकला न्यायचं?" हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय.

काळा कोट, धुळे

ताई, भीती खरी आहे, पण हा कागद काय करू शकतो आणि काय नाही, ते आधी पाहू.

त्या कागदाने कोणाला नाशिकला नेणं थांबवता येत नाही. आजार शेवटच्या टप्प्यात आहे, दीर्घ उपचार चालू आहेत, बरं होण्याची आशा नाही आणि रुग्ण स्वतः निर्णय देऊ शकत नाही, हे सगळं असलं तरच तो विचारात घेतात. न्यूमोनिया झाला, मांडी मोडली, साखर वाढून शुद्ध गेली, तर उपचार झालेच पाहिजेत. कागद लागू झाला तरी पोरं यंत्र बंद करवू शकत नाहीत. आधी उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ बसतं. मग दुसरं मंडळ, त्यात आधीचे तज्ज्ञ चालत नाहीत आणि एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला असतो. दोन्हींनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याला कळवून मगच अंमल. इंजेक्शन देऊन जीव घेणं हा आजही गुन्हाच आहे. आणि लिहिणारा शुद्धीत आहे तोवर कागद कधीही लेखी रद्द करू शकतो.

आणखी एक. माझ्याकडे लोक येतात आणि म्हणतात, मुलाला मुखत्यारपत्र करून दिलंय, आता काळजी नाही. माणसाची निर्णयक्षमता गेली की आपल्या कायद्यात ते मुखत्यारपत्र संपतं. ज्या दिवशी गरज पडते, त्याच दिवशी ते निकामी होतं.

पारोळ्याची लेक

वकीलसाहेब, मंडळांवर तुमचा विश्वास आहे, ठीक. पण तालुक्याच्या वीस खाटांच्या दवाखान्यात एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? जळगाव-धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जमेल, बाकी ठिकाणी? आणि कागद नसला तरी घरच्यांच्या संमतीने याच दोन मंडळांच्या वाटेने जाता येतं, असं मी वाचलंय. मग म्हातारीचा अंगठा हवाच कशाला?

आयसीयू सिस्टर

मी खासगी दवाखान्यात आयसीयूत ड्युटी करते. इथे लिहायचं नव्हतं, पण वाचून राहवलं नाही.

तुम्ही दोघंही असं बोलताय जणू आज सगळं नियमाने चाललंय. आज काय होतं ते सांगते. पैसे संपतात. शेत गहाण पडलेलं असतं, सोनं मोडलेलं असतं. मग घरचे डामा मागतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण घरी नेतात. आम्ही सही घेतो. नळी तशीच ठेवून, हाताने फुगा दाबत अँब्युलन्स गावाकडे निघते. घरी पोचल्यावर नळी निघते आणि पुढे जे होतं ते अंगणात, चुलत्या-पुतण्यांच्या समोर होतं. धाप लागते, घुसमट होते, सोबत एक औषध नसतं. मॉर्फिन तर लांबच. दोन मंडळं नाहीत, दंडाधिकारी नाही, कोणी विचारणारं नाही.

ताई, ज्या म्हातारीच्या जमिनीवर डोळा आहे, तिच्यासाठी आज एक सही पुरते, आणि ती सही तिची नसतेच. ज्याला तिच्यापासून सुटका हवीय तोच सही करतो. कागद आणि मंडळं आली तर निदान कोणीतरी तिच्या बाजूने दोनदा बघेल.

शुद्धीत असताना म्हातारा "माले घर लई चला" म्हणत असतो. ते फाईलवर कुठेच येत नाही. शुद्ध गेली की घरचे म्हणतात, सगळं करा, शेवटपर्यंत करा. आणि आम्ही करतो.

सातपुडा (धडगाव)

चर्चा चांगली चाललीय, तरी आमच्याकडून एक. व्हेंटिलेटर नको असं लिहायला आधी व्हेंटिलेटर जवळ असावा लागतो. आमच्या पाड्यावरून रुग्ण झोळीतून रस्त्यापर्यंत आणतात, मग गाडी, मग नंदुरबार, तिथून सुरत. आमची माणसं जास्त उपचार होऊन मरत नाहीत, उपचार न मिळून मरतात. उपचार नाकारण्याच्या हक्काबद्दल आम्ही तरी हात राखूनच बोलणार. पण सिस्टरचं एक पटलं. घरी आणलेल्या माणसाचं दुखणं कमी करणारं औषध गावातल्या आरोग्य केंद्रात मिळालं पाहिजे. २०१४ ला कायदा बदलून मॉर्फिन रुग्णांपर्यंत पोचणं सोपं केलं ना? ते आमच्याकडे कधी येणार? हा प्रश्न कागदाच्या आधी घ्या.

बापू, अमळनेर

मी निवृत्त शिक्षक. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतलं, त्या मातीतले आपण. त्याच विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं आणि शांतपणे देह ठेवला. त्यांना नोटरी लागला नाही. घरात मोकळेपणाने बोला, पोरांना जवळ बसवून सांगा. प्रत्येक गोष्टीत कोर्टकचेरी आणली तर नात्यात उरतं काय?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

बापू, आदर राखून सांगतो, विनोबा शुद्धीत होते. त्यांनी स्वतः नको म्हटलं आणि भोवतीच्या लोकांनी ते ऐकलं. आपण बोलतोय ते ज्याला बोलता येत नाही त्याच्याबद्दल. पोरांना सांगितलेलं डॉक्टर मानत नाही, आणि दोन पोरांनी ते दोन तऱ्हांनी ऐकलेलं असतं. कागद नसतानाही वाट आहे हे ताईंचं म्हणणं बरोबर. पण तिथे संमती घरच्यांची, म्हणजे पुन्हा तोच मोठा आवाज. कागदात माझी माणसं मी निवडतो. माझ्या कागदात पहिलं नाव सुनेचं असेल.

सातपुडाभाऊंचा प्रश्न मात्र मला आधी सुचायला हवा होता असं वाटतं. तो वेगळा धागा करून जिल्हा परिषदेपर्यंत न्यावा.

काळा कोट, धुळे

लिहिणाऱ्यांसाठी थोडक्यात. आपल्या वतीने बोलायला एकापेक्षा जास्त पालक (गार्डियन) किंवा जवळचे नातेवाईक नेमता येतात, त्यांची नावं स्पष्ट लिहा. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे आणि ज्यांना जमिनीत वाटा नाही असे घ्या. नुसतं "मशीन नको" लिहू नका. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न, छाती दाबून हृदय चालू करणं, यातलं काय आणि कोणत्या अवस्थेत नको ते लिहा. वेदनाशमन हवंच, हेही लिहा. एक प्रत नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवायची तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्यावर राज्य सरकारने त्यासाठी अधिकारी नेमलेत. शिपाई "असं काही नसतं" म्हणाला तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पारोळ्याची लेक

सिस्टरताईंचं वाचून दोन दिवस गप्प होते. डामाचं खरं आहे, आमच्या भाऊबंदकीतही झालंय.

तरी माझं मत पूर्ण बदललं नाही. मी माझा कागद करीन, नावं बहिणीचं आणि लेकीचं घालीन. पण माझ्या आईला भाऊ नोटरीकडे नेऊ लागले तर मी आडवी जाईन. तिला काय हवंय ते ती आधी माझ्यासमोर, भाऊ खोलीत नसताना बोलेल. वकीलसाहेब, लिहिणाऱ्याशी कोणीतरी एकांतात बोललंच पाहिजे, अशी सक्ती त्या नियमांत आहे का? नसेल तर मला ती आधी हवी.