आधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बघ, मग ग्राफिक्स कार्ड

गेमसाठी कुठलं कार्ड घेऊ या तुझ्या प्रश्नावर, जुनं जीटीएक्स १०६० काढून सरळ आरटीएक्स ४०६० टाक असं वर एकाने म्हटलंय, वाईट नाही, ११५ वॅटच खातं, पण तुझा आय५ प्रोसेसर आठव्या जनरेशनचा म्हणजे मदरबोर्ड पीसीआयई ३.० चा (कार्ड जोडायच्या स्लॉटची जुनी, हळू पिढी) आणि ४०६० ला लेन (डेटा जायच्या वाटा) फक्त ८, त्यामुळे कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. मी तरी सेकंडहँड आरटीएक्स ३०६० घेईन, १२ जीबीवालीच हां, ८ वाली पण येते. फक्त तिला १७० वॅट लागतात, चांगला ५५० चा एसएमपीएस हवा. माझा लोकल ४५० वाला भर गेममध्ये बंद पडायचा आणि मी आठवडाभर कार्डाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरला शिव्या देत बसलेलो :) आणि गेमचं रिझोल्यूशन ७२०पी वर आणून बघ, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) तरीही तेवढेच राहिले तर अडतंय प्रोसेसरवर, कार्डावर नाही.