अंगठा उठला नाही म्हणून धान्य नाही: सक्ती काढावी का?

कोरडवाहू:
आमची आजी ७८ वर्षांची. जन्मभर खुरपं धरलं, अंगठ्यावरच्या रेघा कधीच्या झिजल्यात. गेल्या महिन्यात तिच्यासोबत रेशन दुकानात गेलो. ई-पॉसवर, म्हणजे अंगठा आधारशी जुळवून बघणाऱ्या मशीनवर, अंगठा ठेवला, उठला नाही. पदराला पुसून परत ठेवला. दुकानदार म्हणाला, खोबरेल लावा. मग मधलं बोट, मग डावा हात. पाचव्या खेपेला पावती निघाली. मागं उभी असलेली बाई दोन दिवसांचा रोज बुडवून तिसऱ्यांदा आली होती.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं धान्य हा हक्क झाला. तो मशीनच्या मर्जीवर ठेवता येत नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबारमधल्या टेंभलीत दिला गेला. ज्याच्याकडे कागद नाही त्याला ओळख मिळावी, असं तेव्हा सांगत होते. आता सगळा गाव जिला ओळखतो तिला मशीन ओळखत नाही. सक्ती काढा.

हिशेबनीस:
आजींचे हाल कळले, पण मशीनच्या आधीचं रेशन आठवा की. मेलेल्यांच्या नावावर रॉकेल उचललं जायचं. केंद्रानं नेमलेल्या शांताकुमार समितीनं २०१५ मध्ये, २०११-१२ च्या आकडेवारीवरून, गळती ४६.७ टक्के सांगितली. म्हणजे जवळजवळ अर्धं पोतं वाटेतच गायब. ते खाल्लं कुणी? हक्क तेव्हाही गरिबाचाच बुडत होता.

दुसरं, बीडचा ऊसतोड कामगार दसऱ्यानंतर कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात जातो, कार्ड गावच्या दुकानाचं. आता तिथल्या दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं. अंगठा काढून टाकलात तर परमुलखात त्याला कोण ओळखणार?

कोरडवाहू:
ऊसतोडीचा मुद्दा मान्य. गळतीचा नाही. द्रेझ आणि खेरा या अर्थतज्ज्ञांनी तेच वर्ष धरून ४१.७ टक्के काढली होती. तीही मोठीच, पण छत्तीसगडनं आधारच्या आधीच ती झपाट्यानं खाली आणली. दुकानं खासगी माणसांकडून काढून पंचायती आणि बचत गटांना दिली, धान्य थेट दुकानापर्यंत पोचवलं.

आणि झारखंडमध्ये प्रयोगच झालाय. मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर (हो, आपलेच वाटतात) या अर्थतज्ज्ञांनी तपासलं, की नुसत्या अंगठ्यानं गळती कमी झाली का. झाली नाही. ज्यांचं आधार जोडलेलं नव्हतं त्यांच्या पदरात पडणारं मात्र सुमारे १० टक्क्यांनी घटलं. त्याच राज्यात, सिमडेग्यात, २०१७ मध्ये ११ वर्षांची मुलगी गेली. आधार न जोडल्यामुळं घरचं रेशन कार्ड रद्द झालेलं. सरकार म्हणालं मलेरिया, आई म्हणाली भूक.

हिशेबनीस:
अर्धंच वाचलंत. याच तिघांनी आंध्रातल्या बायोमेट्रिक (बोटांच्या ठशांच्या) स्मार्टकार्डांवरही काम केलंय, २०१६ ला छापून आलं. तिथं रोजगार हमीची मजुरी लवकर मिळायला लागली आणि गळतीही घटली. म्हणजे दोष अंगठ्याचा नाही, राबवणाऱ्याचा. आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं अनुदानासाठी आधार वैध ठरवलंय.

कोरडवाहू:
आंध्रात कार्ड नसलेल्याला उपाशी परत पाठवत नव्हते, म्हणून तर जमलं! मी तेच म्हणतोय. कोर्टातला तो एक म्हणजे न्यायमूर्ती चंद्रचूड, त्यांचा विरोधी निकालही वाचा.

बारदान:
मध्ये तोंड घालतो. आमच्या घरी वीस वर्षं दुकान होतं, आता सोडलं. दोघंही खरं बोलताय, पण काउंटरच्या त्या बाजूनं. अंगठा सांगतो *कोण* आलं. *किती* दिलं ते नाही सांगत. गोदामातून पोतं ५० किलोचं म्हणून येतं, भरतं कमी. ती तूट दुकानदार स्वतःच्या खिशातून भरत नाही, रांगेतल्या प्रत्येकाकडून थोडी थोडी कापतो. आम्हीही कापली, खोटं कशाला बोलू.

आणि अंगठा न उठल्यास वहीत नोंद करून धान्य द्या, असं केंद्रानं २०१७ च्या ऑक्टोबरातच राज्यांना कळवलं होतं. आमच्याकडे वही होती. पण चार नोंदी केल्या की वरून विचारणा, तुमच्याच दुकानात एवढे अंगठे कसे उठत नाहीत? मग वही कोरी ठेवायची आणि माणसाला म्हणायचं, उद्या या, सर्व्हर डाऊन आहे.

हिशेबनीस:
बरं, कोरडवाहू, आजींना त्या दिवशी किती मिळालं? घरात माणसं किती?

कोरडवाहू:
चार. माणशी पाच किलो, पावतीवर २०. घरी ताणकाट्याला लावलं तर साडेअठरा.

बारदान:
काटा मशीनला जोडलेला नसणार.

हिशेबनीस:
मग काटा जोडा ना! अंगठा कशाला काढताय?

कोरडवाहू:
काटा आधी जोडा. तोवर आजीला वहीत लिहा.