"ग्राहकाने मागितलं की साखळी सुधारते" हे नाशिकच्या द्राक्षाला लावू नका

निफाडचा_बागायतदार: काल इथे कुणीतरी लिहिलं, "ग्राहकाने पर्यावरण जपणारा माल मागितला की बागेपासून दुकानापर्यंत सगळे सुधारतात, नाशिकची निर्यातीची द्राक्षं हा पुरावा." वाचून राहवलं नाही. 2010 ला युरोपने क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून आमच्या द्राक्षांचे कंटेनर अडवले. मर्यादा तेव्हा 0.05 पीपीएम (किलोला 0.05 मिलिग्रॅम), आणि ती कायद्याची. तेच रसायन असलेलं लिहोसीन आम्ही वर्षानुवर्षं मारायचो, कंटेनर अडकले तेव्हा डोळे उघडले. यात ग्राहक कुठे आला? ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर प्लॉटची नोंदणी, अंश तपासणी, सगळं सरकारी नियमाने. इथे हातगाडीवर लोक "गोड आहेत का?" आणि "कशी दिली?" एवढंच विचारतात.

गंगापूररोड_ताई: दादा, अर्धंच सांगताय. जर्मनीतल्या काही सुपरमार्केटना कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालतो. तो कुठल्या सरकारचा नियम? ग्लोबलगॅप हे चांगल्या शेतीपद्धतीचं प्रमाणपत्रसुद्धा युरोपातल्या विक्रेत्यांनीच 1997 मध्ये युरेपगॅप म्हणून सुरू केलं. गिऱ्हाईक बिथरेल ही भीती होती म्हणूनच ना? मी पॅकहाऊसमध्ये क्वालिटी बघते. पनेटचं, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या प्लास्टिक डब्याचं, कडक झाकण जाऊन फिल्मचं सील आलं, प्लास्टिक कमी झालं, ते खरेदीदाराच्या सांगण्यावरूनच.

मोहाडीकर: आणि सीलचं मशीन कुणाच्या पैशाने? निर्यातीचं सोडा, आधी देशी व्यापाऱ्यांचं बोला. आमची बाग खाली केली, थोडी रोख दिली, बाकीचा चेक. चेक परत आला, फोन बंद. आधी गेल्या मालाचे पैसे येऊ द्या, पर्यावरण मग बघू.

पिंपळगाव_नाका: तुम्हाला चेक तरी मिळाला. माझ्या चुलत्यांकडे नुसती चिठ्ठी होती. पोलिसांत गेलो तर व्यापाऱ्याचा पत्ताच खोटा निघाला.

ओझरचा_अभि: अनोळखी माणसाला माल देता कशाला? सौदापावती करा, ओळखपत्र घ्या.

मोहाडीकर: तुमची बाग आहे का? आभाळ भरून आलंय, मणी तडकायला लागलेत, तेव्हा दारात आलेल्या गाडीला ओळखपत्र मागून दाखवा! उंटावरून शेळ्या हाकू नका.

ओझरचा_अभि: बाग नाही, पण वडील बाजार समितीत हमाल होते. बुडालेले शेतकरी लहानपणापासून बघतोय. चिडायचं असेल तर चिडा, पावती मागाच.

गंगापूररोड_ताई: पैसेच बुडत असतील तर जैविक औषधांवर खर्च कोण करणार, हे मोहाडीकरांचं मान्य. तरी ग्राहकाचा काहीच हात नाही हे नाही पटत. अंश तपासणीचा रिपोर्ट लावून इथे द्राक्षं विकून बघितलीत का कुणी?

निफाडचा_बागायतदार: एक तृतीयांशचं तुमचं बरोबर, ते मी धरलं नव्हतं. पण रिपोर्टचं विचारताय तर ऐका. कॉलेज रोडला स्टॉल लावला, रिपोर्ट समोर टांगला. लोकांनी वाचला, "छान" म्हणाले आणि किलोला दहा रुपये कमी म्हणून शेजारच्या गाडीवर गेले. पुढच्या हंगामात परत लावतो. तुम्ही या, आणि मैत्रिणींनाही आणा.