ट्रॅव्हल गिटार घेऊन मोठी विकून टाकावी का?

भटका_सूर: कामामुळे सतत फिरतीवर असतो. घरची ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या बॉडीची गिटार, केसमध्येच पडून असते. ती विकून एकच छोटी ट्रॅव्हल गिटार ठेवावी म्हणतोय. गाण्याला साथ आणि थोडं फिंगरस्टाइल (बोटांनी तारा छेडून), इतकंच वाजवतो. बजेट मोठी विकून येईल तेवढंच. भागेल का?

सहावी_तार: नाही भागणार. मोठीचं स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 25.5 इंचांच्या आसपास, छोट्यांपैकी लिटल मार्टिनचं 23, बेबी टेलरचं 22.75. त्यात बॉडी लहान, त्यामुळे खर्ज उठतच नाही. खालचा ई छेडला की तार ऐकू येते, घुमारा येत नाही. थोडे पैसे टाका आणि टेलरचीच जीएस मिनी घ्या. माझी ऐकून लोक विचारतात, एवढ्याशा गिटारीतून हा आवाज कसा काय!

कॅपोवाली: गायक एड शीरनने लिटल मार्टिनवर स्टेडियमं गाजवली की.

सहावी_तार: पिकअप (आवाज स्पीकरला देणारा) आणि लूपर (वाजवलेलं पुन्हापुन्हा ऐकवणारा) लावून. तिथे बॉडीचा आवाज कोणाला ऐकू जातो?

कॅपोवाली: आवाजाचं नाही म्हणत, हाताला सवय होते असं म्हणतेय.

जुनी_केस: फोल्डिंग घ्या. मान दुमडते, स्केल पूर्ण मिळतं. महाग आहे, पण एकदाच काय तो खर्च. माझी चांगली गिटार विमानाच्या लगेजमध्ये गेली आणि हेडस्टॉकला (मानेच्या टोकाला, खुंट्या असतात तिथे) तडा घेऊन आली. भरपाईचं नाव नाही! छोटी असो वा मोठी, हातातच ठेवा.

मंद्र: विकण्याआधी एक करून बघा, खर्च शून्य. ड्रेडनॉटच्या सहाही तारा एकेक टोन उतरवा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावा. स्केल उरतं साधारण 22.7 इंच, आणि तारांचा ताणही त्याच मापाच्या छोट्या गिटारीइतका होतो. काही दिवस असंच वाजवा. बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे) सोपे जातील, पण वरच्या फ्रेटवर बोटांची गर्दी होईल आणि जोरात दाबलं की सूर चढेल. म्हणूनच छोटीला 12 ऐवजी 13 च्या, म्हणजे जरा जाड तारा बऱ्या. आवाज मात्र यातून कळणार नाही, बॉडी मोठीच राहते ना. त्यासाठी दुकानात जाऊन, डोळे मिटून दोन्ही ऐका.

रियाज: +१, कॅपोचंच लिहायला आलो होतो. मोठी विकू नका.

सहावी_तार: तेच तर मी पहिल्यापासून सांगतोय. आणि जीएस मिनी 13 च्याच तारांवर येते.

जुनी_केस: फोल्डिंगचं कोणी मनावरच घेत नाहीये.

भटका_सूर: सगळ्यांचे आभार. मंद्र, कॅपो लावून वाजवलं, हाताला काही अडचण आली नाही. दुकानात दोन्ही ऐकल्या. खर्जात फरक आहेच, स्ट्रमिंगला फार जाणवला. पण मुक्कामी रात्री हलक्या हाताने वाजवायला छोटीचा आवाज मला पुरतो. दोन ठेवल्या तर मोठी पुन्हा केसमध्येच जाणार. तेव्हा विकतोय, आणि लिटल मार्टिन घेतोय. जीएस मिनी बजेटबाहेर आहे, पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. 13 च्या तारा तेवढ्या वेगळ्या मागवल्यात.