टेक आणि ग्रॅबला सरसकट 'पेगार'? नाही चालणार

शब्दवेडा_पुणे: परवा इथे पोर्तुगीज शिकणाऱ्यांसाठी टिप आली होती, "टेक, ग्रॅब, कॅच काहीही आलं की पेगार (पकडणे, उचलणे) लिहा, विषय संपला." भाषांतरावर माझं घर चालतं, त्यामुळे गप्प बसवेना. गोळी घ्यायची असेल तर तोमार. तिथे पेगार लिहिलंत तर पेशंटला तुम्ही गोळी नुसती उचलायला सांगताय! मुलाला शाळेत नेणं म्हणजे लेवार, पुस्तक घेऊन येणं म्हणजे त्राझेर, 'दोन तास लागतात' तिथे परत लेवार. फोटो तिरार, म्हणजे चक्क आपलं काढणे. एका प्रूफमध्ये 'ग्रॅब अ कॉफी'ला आगारार (घट्ट धरणे) केलेलं बघितलंय, कोणाच्या हातातला कप हिसकावल्यासारखं. पुढचं नाम बघा, मग क्रियापद ठरवा. आणि इंग्रजीवरून वळसा कशाला घालता, आपण मराठीतसुद्धा गोळी घेतो, फोटो काढतो, मुलाला नेतो, सगळ्याला एकच शब्द थोडीच आहे? मराठीतून विचार केलात तर निम्म्या चुका होणारच नाहीत.

सांबा_आणि_साबुदाणा: टिप माझी होती, नवशिक्यांसाठी होती, औषधाच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांसाठी नव्हती. ब्राझीलमध्ये बस, टॅक्सी, चावी, सर्दी, पाऊस, सगळ्याला पेगार चालतं. 'पेगार फोगु' म्हणजे पेट घेणे, 'पेगार नु सोनु' म्हणजे झोप लागणे. एका शब्दात माणूस बोलायला लागतो की! आणि तुमचा मराठीचा उपाय? परीक्षा आपण देतो, तिकडे 'फाझेर' म्हणजे करतात. आंघोळ आपण करतो, ते 'तोमार बान्यू' म्हणजे घेतात. बस आपण पकडतो म्हणून उद्या कोणी आगारार म्हणालं तर जबाबदार कोण?

टेगसकाठची: लिस्बनला राहते. इथे बस, टॅक्सी, ऊन, पाऊस, सर्दी, सगळ्याला आपान्यार. वस्तू उचलायची तर 'पेगार' नंतर 'एं' लागतं. नुसतं पेगार म्हणजे चिकटणे, रोगाची लागण होणे, नाहीतर गाडी स्टार्ट होणे. आल्या आल्या मी ब्राझीलचं शिकून आलेलं बोलायचे, तर काउंटरवरची बाई लगेच इंग्रजीवर जायची. समजायचं तिला सगळं, पण मला परकं वाटायचं ते वाटायचंच.

सांबा_आणि_साबुदाणा: समजायचं ना? मग झालं. ब्राझीलची लोकसंख्या वीस कोटींच्या वर, पोर्तुगालची एक कोटीच्या आसपास. शिकणाऱ्याने कुठलं शिकावं हे उघड आहे.

मडगावकर: हे आकड्यांचं तुणतुणं बंद करा हो. आमच्या घरी 1961 नंतरही आजी-आजोबा पोर्तुगीजच बोलायचे, पोर्तुगालच्या वळणाचं. आता नातवंडं मोबाइलवरून ब्राझीलचं शिकतात आणि आजीलाच चुका दाखवतात. आजी आपान्यार म्हणाली की म्हणे "ते तर मार खाणे!"

टेगसकाठची: अहो, मार खाणे तर इथेही होतं. मुलगा ऐकेना की आई दम देते, "आता मार खाशील" या अर्थाने, तेही आपान्यारच वापरून. कर्म लावलंत की बस पकडणे, नुसतं सोडलंत की मार खाणे. म्हणजे आजीही बरोबर आणि नातवंडंही.

शब्दवेडा_पुणे: नाम बघा म्हणतोय ते हेच! पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. क्लायंट फाइलवर नुसतं 'पोर्तुगीज' लिहून पाठवतात. कुठलं विचारलं की "दोन्हीकडे चालेल असं द्या", आणि रेट एकाचाच. पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांच्या 1990 च्या करारानं स्पेलिंग जवळ आलं, बस जवळ आली का? ब्राझीलमध्ये ती ओनिबुस, पोर्तुगालमध्ये आउतोकारु.

सांबा_आणि_साबुदाणा: रेटचं रडगाणं दुसरीकडे गा. माणसं बोलायला घाबरतात ती तुमच्यासारख्यांमुळे, पहिल्या वाक्यालाच लाल पेन.

शब्दवेडा_पुणे: लाल पेन औषधाच्या कागदावर लागतंच. तिथे चुकलं तर कोणाच्या तरी जिवाशी खेळ आहे.

साओपावलोकर: भांडता काय, ग्रॅबचा सगळ्यात महत्त्वाचा अर्थ कोणी काढलाच नाही. लँड ग्रॅबिंग. ब्राझीलमध्ये त्याला 'ग्रिलाजेम' म्हणतात, खोटी कागदपत्रं करून जमीन बळकावणे. ग्रीलु म्हणजे रातकिडा. नवे कागद रातकिड्यांबरोबर पेटीत ठेवून जुने दिसतील असे करायचे, त्यावरून शब्द आला असं सांगतात. ॲमेझॉनच्या बातम्यांमध्ये हा शब्द सारखा असतो आणि त्यामागे लोकांची घरं-शेतं जातात. तिथे पेगार नाही, आगारार नाही, आपान्यारही नाही.

मडगावकर: हे आवडलं. आपल्याकडे जमीन हडपणे म्हणतो त्यात फसवाफसवी दिसते, कागद दिसत नाही.

सांबा_आणि_साबुदाणा: बरं, गोळी, फोटो आणि ग्रिलाजेम टिपमध्ये घालतो, वर 'फक्त ब्राझीलसाठी' असंही लिहितो. पण बस, सर्दी आणि पावसाला पेगारच राहणार, ते कोणी काढायला सांगू नका.

टेगसकाठची: ठेवा. शेजारी आपान्यारचा रकाना मी भरून देते, 'पेगार एं' कुठे लागतं तेही लिहिते.